कडत

गेल्या नवरात्रात म्हैसूरच्या अग्रहारातल्या एका घराची किल्ली तीन आठवडे माझ्याकडे होती. घर माझ्या मैत्रिणीचे. वयाने ती माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणते. मी बेळगावची, आमच्याकडे हा शब्द मराठीत आणि कन्नडात सारखाच चालतो. अक्काचे घराणे देशस्थांचे, पाच-सहा पिढ्या म्हैसूर मुलुखात रुजलेले. घरात बोलायची भाषा मराठी, पण हिशेब, भांडण आणि भाजीवाल्याशी घासाघीस कन्नडात. मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला निघताना तिने मला मोजकी कामे सांगितली. तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, परसातल्या शेवग्याखाली पडलेला पाला गोळा करणे. गोंबेची आरास यंदा नाही मांडली तरी चालेल. "पण सरस्वतीला पुस्तकं मांड गं," ती रिक्षात बसता बसता म्हणाली, "ती जागा रिकामी ठेवू नकोस."

मूळ नक्षत्राच्या आदल्या दिवशी मी कपाट उघडले. पंचांगे, पोथ्या, अक्काच्या वडिलांची कायद्याची पुस्तके, आणि सगळ्यात खाली लाल फडक्यात बांधलेले काहीतरी लांबट, जड. सोडले तर दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये काळ्या, जाड कापडाच्या घड्या. वर पांढुरके काहीतरी पसरलेले. पावसाळा नुकता सरला होता, आणि या घरात कौलांखाली ओल धरते हे मला माहीत होते. मला ती बुरशी वाटली. फडके ओले करून, घट्ट पिळून, मी पहिली घडी पुसली. छान काळीभोर निघाली. दुसरी पुसली. तिसऱ्या घडीवर खिडकीतला उजेड तिरपा पडला होता, आणि तिथे त्या बुरशीला ओळी होत्या. ओळींना शिरोरेघ होती, आणि समासात आकडे होते.

हात थांबला तेव्हा दोन घड्या गेल्या होत्या.

मी शाळेत इतिहास शिकवला. मोडी थोडीफार वाचते. त्यामुळे मला ठाऊक नव्हते असे म्हणायची सोय नाही. ठाऊक असायला हवे होते, एवढेच म्हणता येईल. त्या वस्तूला कन्नडात कडत म्हणतात. सुती कापडाची लांब पट्टी घ्यायची, तिला चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड यांचा लेप दोन्ही बाजूंनी द्यायचा, वाळली की पंख्यासारख्या घड्या घालायच्या आणि दोन्ही टोकांना फळ्या बसवायच्या. लिहायचे ते बळपाने, म्हणजे शंखजिऱ्याच्या पेन्सिलीने. कागद महाग असताना आणि ताडपत्रावर कोरायला वेळ लागत असताना कन्नड मुलखातले व्यापारी, शानभोग आणि मठांचे कारकून यांच्यावरच जमाखर्च ठेवत. मार्क विल्क्स हा म्हैसूरला रेसिडेंट होता. त्याने दक्षिण भारताच्या इतिहासाचा पहिला भाग १८१० मध्ये छापला, त्यात या कडतांचे वर्णन आहे. शृंगेरीच्या मठाचे जुने दप्तर पुष्कळसे कडतांवरच आहे. कडताची सोय अशी की चुकले तर पुसता येते, पाटीसारखे. माझ्या बाबतीत तीच सोय नडली.

अक्काचे कडत शानभोगीच्या घरातले होते. शानभोग म्हणजे आपल्याकडचा कुलकर्णी. मजकूर बहुतेक कन्नडात, मधूनमधून मोडीतली मराठी. त्यात नवल नाही. हैदर आणि टिपू यांच्या अमदानीत म्हैसूरच्या दप्तरात कन्नडाबरोबर मराठीही चालत असे, आणि लेखणी धरणाऱ्या घरांत ती सवय पुढेही राहिली. उरलेल्या घड्या मी त्या संध्याकाळी लांबूनच, हात मागे बांधून पाहिल्या. धान्याच्या मापांची नोंद, देवस्थानाला दिलेले तेल, कुणाच्या तरी मुंजीचा खर्च. पहिल्या दोन घड्यांवर काय होते ते मात्र कळायला मार्ग नव्हता.

सरस्वतीपूजनाला मी ते कडत मांडले नाही. मग वाटले की न मांडणे म्हणजे लपवणेच, म्हणून मांडले. या दिवसांत मांडलेले पुस्तक उघडून वाचायचे नसते. मला त्या नियमाचे फार बरे वाटले, आणि बरे वाटले याची लाजही वाटली.

दुसऱ्यांची पुस्तके हाताळणाऱ्यांसाठी जुन्या लेखनिकांनी एक प्रथा घालून ठेवली होती. पोथी उतरवून झाली की शेवटी ते वाचकाची क्षमा मागत: जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नका. पुढे पोथीच वाचकाला विनवते की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला सांभाळ, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. शाळेत हे मी मुलांना हसत हसत सांगत असे. त्या यादीतल्या दोन गोष्टी, पाणी आणि मूर्ख, मी एकाच दुपारी पुरवल्या.

अक्का परत यायला बारा दिवस होते. फोनवर सांगायचे की समोर, याचा निर्णय होईना. दिवसातून दोनदा ती तान्ह्या नातीचे फोटो पाठवत असे. त्यांच्या खाली असली बातमी कुठे लिहायची? अपराध्याला वेळ मिळाला की तो वकील होतो. मीही धर्मशास्त्रात शिरले.

दुसऱ्याची वस्तू सांभाळताना बिघडली तर काय, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ठेवीवर वेगळे प्रकरण आहे. या ग्रंथाची पोथी म्हैसूरच्याच प्राच्य ग्रंथालयात शामशास्त्रींच्या हाती १९०५ मध्ये आली आणि त्यांनी ती १९०९ मध्ये छापली. अग्रहारापासून ती इमारत चालत जाण्याच्या अंतरावर आहे. याज्ञवल्क्याने ठेवीचे प्रकार सांगितले आहेत. मोजून, दाखवून दिलेली ती निक्षेप. पेटीत किंवा फडक्यात बांधलेली, आत काय आहे हे न सांगता हाती दिलेली ती उपनिधी. अक्काचे कडत लाल फडक्यात होते आणि तिने मला त्याबद्दल काही सांगितले नव्हते. म्हणजे उपनिधी. राजाने नेली, दैवाने नासली किंवा चोराने पळवली तर सांभाळणाऱ्यावर भरपाई नाही. नारद आणखी एक सूट देतो: सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या मालासकट ठेव गेली तर ते नुकसान ठेवणाऱ्याचे. माझे स्वतःचे काहीच गेले नव्हते. राजा, दैव, चोर यांपैकीही कुणी आले नव्हते. आली होती मी, ओले फडके घेऊन.

कात्यायनाने याहून बारीक विचार केला आहे. सांभाळणाऱ्याने वस्तू स्वतः खाल्ली, वापरली, तर ती व्याजासह परत करावी. हयगयीने नासली तर तेवढीच भरून द्यावी. न कळत, अज्ञानाने नासली तर किंचित कमी. हे वाचून मला क्षणभर हायसे वाटले. तिसऱ्या वर्गात बसता येईल असे वाटले. पण पिळलेले फडके आठवले. ज्याला इतिहास शिकवायचा पगार मिळत होता त्याचे अज्ञान कोणत्या वर्गातले? कात्यायन हयगय आणि अज्ञान यांच्यामध्ये भिंत घालतो. माझी जागा त्या भिंतीवर होती, दोन्हीकडे पाय सोडून.

या कात्यायनाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याची स्मृती अखंड अशी उरलेलीच नाही. नंतरच्या टीकाकारांनी आणि निबंधकारांनी आपापल्या ग्रंथांत त्याची वचने उद्धृत केली, तेवढीच राहिली. त्यांतलाच एक विज्ञानेश्वर, चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, मिताक्षरा लिहिणारा. आठशे वर्षांनी पांडुरंग वामन काणे यांनी मुंबईत बसून अशी विखुरलेली वचने गोळा केली, लावली आणि १९३३ मध्ये कात्यायनाचा व्यवहारावरचा भाग पुन्हा उभा करून छापला. पाच खंडांचा धर्मशास्त्राचा इतिहास लिहून १९६३ मध्ये भारतरत्न मिळवणारे काणे सगळ्यांना ठाऊक असतात. हे काम तितके कुणी आठवत नाही. हरवलेल्या ठेवीचा कायदा सांगणारा ग्रंथ स्वतःच हरवला होता, आणि तो मिळाला तो लोकांच्या आठवणीतून. त्या वेळी मला यात नुसती गंमत वाटली. तिचा उपयोग पुढे झाला.

संध्याकाळी दिवा लावायला मी अक्काच्या घरी जाई, तेव्हा जगलीवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, थोडा वेळ बसे. त्यागराज रस्त्याची वर्दळ गल्लीच्या तोंडाशीच थबकते. अग्रहार हा शब्द आता रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता झाला आहे, पण त्याच्या पोटात एक करार आहे. राजाने विद्वान ब्राह्मणांना करमुक्त करून दिलेली वस्ती ती अग्रहार. ते दान ताम्रपटावर कोरले जाई. बी. एल. राइस यांनी म्हैसूर राज्यातले कोरीव लेख गोळा करून एपिग्राफिया कर्नाटिकाचे खंड छापले, त्यांत असे कितीतरी आहेत. विजयनगरच्या ताम्रपटांच्या शेवटी ठरलेले श्लोक येतात. त्यांतला एक म्हणतो की देणे आणि राखणे यांत राखणे श्रेष्ठ: दिल्याने स्वर्ग मिळतो, दुसऱ्याने दिलेले राखल्याने अच्युतपद. त्यापाठोपाठ शाप. आपल्याकडे कोकणात आणि देशावर शिलाहार-यादवांच्या काळातल्या गद्धेगळांवर तोच शाप इतक्या उघड्या भाषेत आणि चित्रासकट आहे की मुलांना सहलीत दाखवताना मास्तरांची पंचाईत होते. पण हे सगळे हेतुपुरस्सर हिरावणाऱ्यासाठी. जो राखायला बसला आणि राखता राखताच ज्याने नासवले, त्याच्यासाठी ताम्रपटावर ओळ नाही.

तसा माणूस शोधायचा तर फार लांब जावे लागत नाही. अग्रहाराजवळच राजवाडा आहे. टिपूच्या पाडावानंतर बांधलेला जुना वाडा बहुतेक लाकडाचा होता. १८९७ च्या फेब्रुवारीत थोरल्या राजकन्येच्या लग्नाची धामधूम चालू असताना तो आगीत गेला. महाराज चामराजेंद्र १८९४ मध्ये वारले होते. गादीवरचा कृष्णराज तेव्हा बारा वर्षांचा, आणि राज्य त्याच्या नावाने सांभाळत होती त्याची आई, महाराणी वाणीविलास. म्हणजे मुलाचे घर आईच्या राखणीत असताना जळाले. तिने काय केले ते समोर उभे आहे. सिमल्याचा व्हाइसरॉयचा वाडा बांधणारा हेन्री आयर्विन बोलावला, दगड, वीट, लोखंड वापरून नवा राजवाडा काढला. तो १९१२ मध्ये पुरा झाला, खर्च एक्केचाळीस लाखांच्या वर. सत्तेची सूत्रे १९०२ मध्येच मुलाच्या हाती गेली होती. कात्यायनाच्या हिशेबात ही भरपाई मूळ वस्तूहून जास्तच झाली. तरी त्या आगीत जे जुने दागदागिने, कागद, चित्रे गेली असतील ती नव्या घुमटांखाली परत आली नाहीत. भरपाई वेगळी आणि परत येणे वेगळे.

आणि मी मराठी बोलणारी, म्हैसुरात बसलेली, म्हणून शृंगेरीही आठवणारच. १७९१ मध्ये इंग्रज, निजाम आणि मराठे टिपूवर चालून आले, तेव्हा पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेची मूर्ती हलली, माणसे मारली गेली. हा अपघात नव्हता, आणि माझ्या ओल्या फडक्याची त्याच्याशी तुलना नाही. पण त्यानंतरचा भाग मला सतावत राहिला. मठाच्या स्वामींनी लिहिले ते टिपूला. त्याने दुःख कळवले, शारदेच्या पुनःप्रतिष्ठेसाठी पैसा आणि धान्य द्यायला आपल्या अधिकाऱ्यांना सांगितले. ही पत्रे १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांना मठात सापडली आणि लोकांपुढे आली. आमच्या बाजूने आजवर ऐकू येते ते एकच वाक्य: ते पेंढारी होते. वाक्य खोटे नाही. पण ते ऐकून शृंगेरीच्या माणसाला काय वाटत असेल, हे मला त्या ओट्यावर बसून पहिल्यांदा कळले. कारण माझ्याही मनात तशी वाक्ये तयार होती. बुरशी वाटली. तूच पुस्तके मांडायला सांगितलेस. त्यात काय आहे हे तू बोलली नव्हतीस. तिन्ही खरी.

सगळ्यात सोपे वाक्य तर भाषेनेच करून ठेवले आहे: चूक झाली. कन्नडातही तसेच, तप्पायितु. दोन्ही भाषांत चूक पावसासारखी आपोआप होते. फार तर 'माझ्या हातून' जोडायचे, कन्नडात 'नन्निंद'. म्हणजे हात माझा, पण मी त्याच्याबरोबर नव्हते असे. क्षमा हा शब्द पूजेच्या शेवटी देवापुढे बरा वाटतो. दिलगिरी कचेरीच्या पत्रात. माफी तर जुन्या दप्तरात साऱ्याची सूट. मैत्रिणीपुढे उभे राहून म्हणायला शब्द उरला नाही.

अक्का आली त्या दिवशी मी तिला जेवायला वाढले आणि ताट उचलायच्या आधी सांगितले. सांगताना बुरशीचा उल्लेख शेवटी ठेवायचा असे ठरवले होते, तो पहिल्याच वाक्यात आला. ती काही बोलली नाही. हात धुऊन आली, जमिनीवर बसली, लाल फडके सोडले आणि पहिल्या घडीवर तळवा ठेवला, ताप पाहावा तसा.

"पहिल्या दोनच?"

"दोनच."

"लग्नाच्या गं त्या," ती म्हणाली. "आमच्या आज्जाच्या आज्जीच्या."

मग हळूहळू सांगू लागली. लहानपणी विजयादशमीला पूजा उचलली की वडील कडत उघडत आणि पहिल्या दोन घड्या मुलांना वाचून दाखवत. नवरी कुठल्या गावाहून आली, बरोबर किती बैलगाड्या, किती खंडी भात, तूप किती, वाजंत्र्यांना काय दिले. आणि वरच्या ओळीत नवरीचे नाव. घराण्याच्या वंशावळीत फक्त पुरुषांची नावे आहेत. तिचे नाव लिहिलेले असे जगात एकाच ठिकाणी होते.

मला भरपाईचे जे काही बोलायचे होते ते तोंडातच राहिले. कात्यायनाने तीन वर्ग केले, पण वस्तूला किंमत आहे असे धरून केले. मी अक्काला म्हटले, "मला त्याची किंमत भरता येणार नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "रागही येतोय मला. आज राहू दे. तू घरी जा."

मी गेले. चार दिवस तिचा फोन आला नाही, मीही केला नाही. दिवा लावायची वेळ झाली की हात किल्लीकडे जाई. किल्ली तिच्याकडे परत गेली होती. पाचव्या दिवशी तिने बोलावले. काणे आणि कात्यायन यांची गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली, समजूत घालण्यासाठी नव्हे. मला दुसरे काही सुचत नव्हते म्हणून. ती म्हणाली, वही आण.

शंभर पानी वही आणली. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. नाव आधी, कारण ते तिला पक्के आठवत होते. गाव आठवत होते. बैलगाड्या सात. तुपाशी अडली. शिमोग्याला तिचा धाकटा भाऊ असतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, गाड्या सात नव्हेत, नऊ. आणि वडील वाचताना नवरीच्या नावाशी थांबत, ते तुला आठवत नाही का? तिला आठवत नव्हते. दोघांचे बराच वेळ कन्नडात भांडण झाले. मी वहीत दोन्ही पाठ लिहिले, सात आणि नऊ, कुणाचा कोणता तेही लिहिले. चुलत बहिणीला एक तिसरीच गोष्ट ठाऊक निघाली, वाजंत्रीवाले रुसून निघून गेल्याची. ती कडतात नसावी असे अक्काचे म्हणणे. तीही समासात घातली. असे तीन रविवार चालले आहे, आणि तूप अजून ठरलेले नाही.

काल पहिला कच्चा मजकूर संपला. जुन्या लेखनिकांप्रमाणे शेवटी मी दोन ओळी लिहिल्या: स्थळ अग्रहार, म्हैसूर; मूळ कडताच्या पहिल्या दोन घड्या नवरात्रात पुसल्या गेल्या, सबब आठवणीवरून लिहिले. अक्काने चष्मा लावला, वाचले आणि बोट ठेवले.

"पुसल्या गेल्या काय? आपोआप? तू पुसल्यास. तसं लिही."

मी खोडले आणि तसे लिहिले. तिने वही लाल फडक्यात, कडताच्या वर ठेवली आणि गाठ मारली.